गिरणेतली गुराब

मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही मी मधूनमधून उठतो, ओट्यावर जातो, रस्त्याला कोण आहे ते बघतो आणि परत येऊन बसतो. लहानपणी पंगतीत वाढणारा माझ्यापर्यंत पोचायच्या आत मी पान सोडून भलतीकडे गेलेलो असे. पायाला भिंगरी म्हणतात ती माझ्या पायाला कोणी बांधली नव्हती, ती तिथे उगवूनच आली असावी. शिकायला म्हणून धुळ्याला नातलगांकडे ठेवला, तर इंग्रजी शाळा मॅट्रिकच्या तोंडावर सोडली. जळगावात एका जिनात कापूस मोजायला लावला, तर हंगाम संपायच्या आधी घरी आलो. शेतावर मोट हाकायला बसवला, तर बैल धावेवर उभे आणि मी नदीवर. गावात कोणाचं काम अर्धवट राहिलं की लोक माझं नाव घ्यायचे, आणि मला त्याचा संताप यायचा, कारण ते खरं होतं.

धुळ्याला असताना मात्र एका गोष्टीपुढे मी बराच वेळ उभा राहायचो. आमच्या बिऱ्हाडापलीकडे एक वकील राहत. त्यांना इतिहासाचं वेड. त्यांच्या बैठकीत भिंतभर जुन्या तसबिरी होत्या आणि त्यांत एक मराठ्यांच्या आरमारातल्या गुराबेची होती. लांबट अंग, पाण्यावर पुढे झेपावलेली टोकदार नाळ, दोन डोलकाठ्या, फुगलेली शिडं, दोन्ही कुशींना तोफांची तोंडं आणि नाळेच्या रोखानं आणखी दोन. अशा गुराबा पाहून टोपीकरांच्या जहाजांना घाम फुटायचा, असं वकीलसाहेब रंगवून सांगत. मी तेल लावलेला कागद तसबिरीवर धरून ती गुराब दोराधाग्यांसकट उतरवून घेतली. समुद्र मी पाहिला नव्हता. पुरातली गिरणा आणि पुरातली तापी, याहून मोठं पाणी माझ्या डोळ्यांनी बघितलं नव्हतं. तरी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला वाटायला लागलं की आपले पाय जमिनीवर ठरत नाहीत ते याचसाठी.

भडगावाजवळच्या आमच्या गावी परत आलो आणि आबांना, म्हणजे वडिलांना, सरळ सांगून टाकलं की मी मुंबईला जाणार, जहाजावर काम धरणार.

आबा बोलणारे नव्हते. शेती होती, दोन गाड्या होत्या, आणि पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते गाडी भरण्यात. कापसाचं ओझं किती पुढे, किती मागे ठेवायचं हे ते नुसतं बघून सांगत. त्यांनी भरलेली गाडी कधी मागे ओझं होऊन उलार झाली नाही की पुढे ओझं होऊन तिनं बैलांच्या मानेवर दाब टाकला नाही. त्या दिवशी ते दावं वळत होते. ते हातातून न सोडता म्हणाले, "तू आजलोंग एक तरी काम पुरं कयं का?"

मी खिशातला कागद काढून त्यांच्यापुढे उलगडला.

"जहाज बनाड," आबा म्हणाले. "तुना कागदवर शे तसं, बठ्ठं. मंग गिरणामा सोड. या काठथीन त्या काठले गयं, तर तू बी जाय. मी आडावाव नही."

माय चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. माझ्या आधीचा भाऊ प्लेगात गेला होता, बहिणी आपापल्या घरी गेल्या होत्या. घरात उरलो होतो तो मीच. तिला आबांचा राग आला होता हे तिच्या पाठीवरून कळत होतं. पण आबा स्वतःशी खूश दिसले. माझ्या हातून काही पुरं होणार नाही याची त्यांना खात्री होती, आणि म्हणून त्यांनी शब्द देऊन टाकला होता.

मला तेवढंच हवं होतं.

शेतं रिकामी होती, उन्हाळा रणरणत होता. गावात गाड्या करणारा सुतार होता. त्याच्या मांडवात मी ठाण मांडलं. ठाण म्हणजे काय, दर घटकेला उठून पाणी प्यायला जायचो. सुतारनानांनी माझा कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ह्याले चाकं कोठे येतीन?" मी म्हटलं, चाकं नसतात. त्यांनी कागद परत दिला आणि आपल्या कामाला लागले. मात्र हत्यारं हवी तेव्हा न्यायची मुभा दिली.

बाभळीच्या नेमक्या वाकड्या फांद्या शोधून मी दोन हात लांबीच्या गुराबेच्या फासळ्या केल्या. मोडक्या गाडीच्या सागवानी फळ्या पातळ रंधून त्यांवर बसवल्या. फळी वाकवायची तर आधी भिजवून, तापवून, दमानं वाकवावी लागते. दम माझ्यापाशी नव्हता. फळ्या काडकन मोडायच्या आणि मी हातातला वाकस भिरकावून बाहेर पडायचो. पहिला सांगाडा तर मी स्वतःच रागानं फोडून चुलीला दिला. त्या सांगाड्यावर मायनं निवांत वरण शिजवलं, आणि त्या दिवशी वरणाला फोडणी जरा जास्तच खमंग होती असं मला वाटलं.

पण नवल असं की मी परत बसलो. बसलो, उठलो, परत बसलो. फटींत कापूस आणि राळ ठासली, जवसाचं तेल पाजलं, तळाला गाडीचं काळं वंगण चोळलं. तोफांसाठी बोरूच्या नळ्यांत शिसं ओतलं. वरच्या फळीला एक झाकण ठेवलं, कागदावर तसं होतं म्हणून. आत काय असतं ते तसबिरीत दिसत नव्हतं.

दोर मात्र माझ्याच नशिबात लिहिलेले होते. गुराबेला बारीक-जाड दोर इतके लागतात की डोळे फिरावेत. ते वळायचे तर सुताचं एक टोक निंबाला बांधायचं, दुसरं हातात घेऊन पीळ देत गोठ्याच्या खांबापर्यंत चालत जायचं, मग परत यायचं, परत जायचं. असं काम जगात आहे हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझं निम्मं आयुष्य सुधारलं असतं. मी दिवसदिवस चालत असे आणि दोर होत असत.

शिडं मायकडे दिली. आबांच्या जुन्या धोतराचं कापड होतं. माय शिवणात गावात पुढे होती. गोधडी तिच्या हातात बघता बघता व्हायची. पण ही वीतभर शिडं काही होईनात. शिवायची, बघायची, उसवायची, पुन्हा शिवायची. मी येरझाऱ्या घालत तिच्या भोवती फिरायचो.

"माय, व्हयनं का?"

"घाई कसानी शे?"

ती सुईकडेच बघत असे. मला राग आवरत नसे. तिनं शिडं दिली नाहीत तर गुराब पुरी होणार नव्हती, आणि हे तिलाही ठाऊक होतं. शेवटी एका दुपारी तिनं ती सगळी घडी करून माझ्या पुढ्यात ठेवली. टाके इतके बारीक की नख फिरवलं तरी लागू नयेत. मी तिथेच ती डोलकाठ्यांना लावायला घेतली. ती उठून आत गेली.

आबा हे सगळं लांबून बघत असत. सुरुवातीला मिशीत हसत. मग हसणं कमी झालं. गुराब जसजशी तसबिरीसारखी दिसायला लागली तसे ते उगाच जवळ येऊन उभे राहायला लागले. एकदा तोफ तिरपी बसली होती ती त्यांनीच सरळ केली. त्यांना माझं जाणं नको होतं, पण कोणाचंही काम वाकडं झालेलं त्यांना बघवत नसे, आणि या दोन गोष्टींत दुसरी त्यांच्या अंगात जास्त मुरलेली होती. गुराब पुरी झाली त्या दिवशी त्यांनी आपणहून दोर मागवला, तिच्या बरोबर मध्यावर बांधला आणि निंबाच्या फांदीला ती टांगली. मग मागे सरून एक डोळा मिटून पाहिलं.

"मांगे उलार शे," ते म्हणाले.

मी दोन तोफा पुढे सरकवल्या.

"आते फुडे दाब शे."

पुन्हा एक मागे घेतली. असं करत करत गुराब हवेत अगदी समतोल, आडवी राहिली. आबांनी बोटानं नाळेला टिचकी दिली. ती झुलली आणि परत तशीच ठरली. आबांचा चेहरा मी तेवढा खुललेला क्वचित पाहिला होता. "उलार बी नही, दाब बी नही," ते म्हणाले. मी म्हटलं, थारोळ्यात एकदा पाण्यावर ठेवून बघू का? विहिरीपाशी मोटेचं पाणी पडतं ते थारोळं तुडुंब होतं. आबांना ते पटलं नाही. गाडीची कोणी परीक्षा घेत नाही, गाडी जुंपायची असते, असं त्यांचं म्हणणं.

त्या वेळी माय नदीवरून घागर घेऊन आली होती. ती दारातच उभी राहिली. तिनं टांगलेल्या गुराबेकडे पाहिलं, झाकण काढून रिकाम्या पोटात डोकावली, वरच्या शिशाच्या तोफांवरून हात फिरवला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं असं मला वाटलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "चांगलं शे." आणि घागर उतरवायला आत गेली.

श्रावणातल्या रविवारी घरोघरी कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली देवी, बसली. सोमवारी डफ वाजवत, बायकांच्या डोक्यावरून कानबाई नदीवर निघाली, आणि सगळा गाव तिच्या मागे. गुराब सोडायला आबांनी तोच दिवस धरला. त्यांनी तोललेली गोष्ट चारचौघांत तरून जावी असं त्यांना वाटत होतं. ती तरली की मुलगा जाणार, याचा त्यांना त्या घडीला विसर पडला होता. मला पडला नव्हता. माझे कपडे बांधून तयार होते.

कानबाईची आरती झाली, विसर्जन झालं. मग आबांनी नारळ फोडला. पूर ओसरून गिरणा संथ झाली होती, वारा पाठीमागून होता. मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि गुराब सोडली. शिडं भरली. लोक ओरडले. माझ्या छातीत इतकं धडधडलं की मला वाटलं मी उभा आहे तिथूनच चालत मुंबई गाठीन. ती पुढे गेली, चांगली गेली. मग एका कुशीवर कलली. जराशी कलली आणि विचार करत असल्यासारखी थांबली. आणि मग आडवी झाली, शिडं पाण्यात पसरली, काळं वंगण लावलेला तळ आभाळाकडे झाला.

"कानबाईना मांगे जहाज बी बुडनं," कोणीतरी म्हणालं आणि काठ हसला.

आबा धोतरासकट पाण्यात शिरले. त्यांनी ती वाहती गुराब पकडली, खांद्यावर घातली आणि कोणाकडे न बघता घरची वाट धरली. वाटभर ते एवढंच म्हणत होते, "उलार नव्हतं. दाब बी नव्हता." गाडी पुढे कलते किंवा मागे कलते. ती चाकांवर असते, कुशीवर ती कशाला जाईल? आयुष्यभर त्यांनी पुढचं-मागचं बघितलं होतं. डावं-उजवं बघायची आमच्या गावात कोणाला गरजच पडली नव्हती, आणि मीही त्याच गावचा.

शब्द म्हणजे शब्द. गुराब त्या काठाला गेली नव्हती, तेव्हा मीही जाणार नव्हतो. पळून जाता आलं असतं. चाळीसगाव फार लांब नव्हतं आणि तिथून मुंबईची आगगाडी रोज सुटत होती. पण पळालो असतो तर अर्धवट सोडणारा हे माझं नाव कायमचं पक्कं झालं असतं, आणि गुराब पुरी केल्यापासून ते नाव मला सोसवेना. म्हणून राहिलो, आणि राहणं म्हणजे काय ते मी त्या दिवसांत भोगलं. ताटावर बसायचो आणि दोन घासांत उठायचो. ओट्यावरून गोठ्यात, गोठ्यातून नदीवर, नदीवरून परत. कोणी हाक मारली तर ओ द्यायचो आणि तो काय बोलला ते ऐकूही यायचं नाही. बैलही माझ्याकडे मान वर करून बघायचे. आबांचंही काही वेगळं नव्हतं. ते गुराबेपुढे उकिडवे बसत, तोफा पुढे सरकवत, मागे सरकवत, पुन्हा टांगून बघत. घरात दोन माणसं अशी घुमत होती आणि तिसरी, म्हणजे माय, दोघांची ताटं उचलून ठेवत होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आबा आणि मी बैल धुवायला नदीवर गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांचा सण, त्या दिवशी खांदेमळणी. आबा बैलाची पाठ चोळत होते. मी शिंगं घासता घासता दहा वेळा त्या काठाकडे बघत होतो. तेवढ्यात माय उतरणीवरून आली. कमरेवर घागर आणि डोक्यावर गुराब. धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले.

ती काठाला बसली, गुराब मांडीवर घेतली, झाकण काढलं आणि ओली रेती ओंजळीनं तिच्या पोटात भरायला लागली. भरायची, हातानं दाबायची, पुन्हा भरायची. मग झाकण लावून तिनं गुराब पाण्यावर ठेवली. ती आधीपेक्षा खोल बसली. मायनं तिच्या कुशीला हाताच्या पंज्यानं जोरात दाबलं. गुराब कलली आणि तिनं हात काढताच परत उभी राहिली. तिनं दुसऱ्या बाजूनं दाबलं. परत तसंच.

आबा हातातला घासायचा चोथा तसाच धरून उभे होते.

"रिकामी घागर पानीवर उभी ऱ्हास का?" माय त्यांना म्हणाली. "थोडी भरनी पडस. रोज भरस मी."

मला एकदम तिचं ते दारातलं थांबणं आठवलं. "तुले म्हाईत व्हतं?" मी विचारलं.

"व्हतं."

"मंग आगोदर काबरं नही सांगं?"

"सांगं आसतं तं तू निंघी गया आसता."

"आनी आते?"

ती घागर विसळत होती. ती विसळून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. "आते बी तू आठे कोठे शे?" ती म्हणाली.

इथे असून मी इथे नव्हतोच; मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. बैल माझ्या हातून सुटून पाणी प्यायला पुढे गेला तरी मी तिथेच उभा होतो.

माय धुण्याच्या दगडाकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. गुराब मी सोडली. आबा आधीच पाणी तुडवत पलीकडे पोचले होते. वाऱ्यानं शिडं भरली, ती कलली, उठली, पुन्हा कलली, पुन्हा उठली, आणि मधल्या धारेत जरा खाली वाहत जाऊन आबांच्या पायांशी लागली. आबांनी ती उचलून दोन्ही हातांनी वर धरली. मायनं मागे वळून न बघता विचारलं, "तरनं का?" मी म्हटलं, हो. तिनं लुगडं दगडावर आपटायला घेतलं.

आबांनी शब्द पाळला. पोळा झाल्यावर त्यांनीच मला गाडीतून चाळीसगावच्या स्टेशनावर नेलं. निघताना माझी ट्रंक मागे ठेवलेली त्यांना पटली नाही, ती उतरवून त्यांनी पुढे घेतली, मग मला मागे बसवलं. माय गाडीच्या चाकापाशी आली. जेवत जा, कागद पाठव, असलं काही ती बोलली नाही.

"बसाना आगोदर जहाजनं बूड देखी ले," ती म्हणाली. "रेती भरेल शे का नही ते."

मुंबईत समुद्र पाहिला. पाहिल्या पाहिल्या आणखी पुढे काय आहे ते बघावंसं वाटलं, म्हणजे माझ्या पायांना त्यानंही समाधान झालं नाही. कोकणातल्या एका शिडाच्या फत्तेमारीवर काम मिळालं. पहिल्या दिवशी चढल्याबरोबर मी तळात उतरलो. तिथे दगड आणि वाळू भरलेली होती. वर आलो तर तांडेलानं, म्हणजे खलाशांच्या म्होरक्यानं, विचारलं की खाली काय हरवलं होतं. मी सांगितलं तेव्हा सगळे खलाशी पोट धरून हसले, खानदेशातला शेतकरी त्यांना जहाज शिकवायला आला म्हणून. हसू दिलं. पुढे मी कितीतरी जहाजांवर चढलो, काही वर्षांनी आगबोटींवरही. वाळू नसे तिथे निदान खाली जाऊन बघून यायचो. त्या अंधाऱ्या तळात, ओल्या दगडांवर हात ठेवून उभा राहिलो की माझे पाय थोडा वेळ गप्प होत. वर आलो की पुन्हा सुरू.

वर्ष-दीड वर्षानं घरी जायचो. आबा थकले, मग गेले. गुराब माळ्यावर असायची. तिच्यातली रेती मायनं कधी काढू दिली नाही. मी पायऱ्या चढून घरात शिरलो की ती पाण्याचा तांब्या पुढे करायची. वाळलो आहे का, कमावलं किती, परत कधी जाणार, यातलं काही ती विचारायची नाही. मी पाणी पिईपर्यंत थांबायची आणि मग विचारायची, "देखं व्हतं का?"

मी हो म्हणायचो, आणि मी खरंच पाहिलेलं असे.